गुलाबची पातळ गोधडी

चंद्रपूर, ९ सप्टेंबर १९८६

ती. कांताबाईस,
धाकट्या कमलाचा जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. तिकडे सगळे मजेत असाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तू मजेत नसलीस तरी मजेतच कळवशील, हे मला ठाऊक आहे.

गुलाबचं दुखणं गेलं का, असं विचारलंस. नाही गेलं. पोळ्याच्या दिवशी गुडघे धरून बसली ती अजून धड उठली नाही. गुडघे झाले की मनगटं, मनगटं झाली की पाठ. अकरा वर्षांची पोर भिंत धरून चालते. डॉक्टर संधिवाताच्या गोळ्या देतात आणि म्हणतात, थंडीपासून जपा. आता जपायचं कशानं? तिच्या बाबांना खाणीतून ब्लँकेट मिळालं आहे. ते अंगावर टाकलं की ती म्हणते, "आई, काढ वं, हाडं दुखून राह्यले." पांघरुणाचं ओझं तिला सहन होत नाही, आणि पांघरूण काढलं की गारठ्यानं दुखणं वाढतं. हिवाळा तोंडावर आला. मला रात्रंदिवस तोच घोर लागला आहे.

आमच्या शेजारच्या रुखमाबाईंनी मला हाताला धरून सलीमा आपाच्या अंगणात नेलं. आपाचा नवरा नूर मोहम्मद पिंजारी आहे, कापूस पिंजतो. पण अंगणात दुपारी बाया जमून गोधड्या शिवतात त्या बिनकापसाच्या, नुसत्या जुन्या लुगड्यांच्या. तिथली रीत अशी की कुणी आपली गोधडी एकटीनं शिवायची नाही. आज हिची, उद्या तिची, चारी बाजूंनी बाया बसतात. मी हलकी आणि उबदार गोधडी मागितली तर आपा म्हणाली, "मांगून भेटत नाई. बस आन् शिक." म्हणून शिकते आहे. तुला माझा हात ठाऊकच आहे. शाळेत माझ्या रुमालाला शिवणाच्या बाईंनी पोछा म्हटलं होतं.

आईची जुनी लुगडी तुझ्याकडे आहेत. पाठव. जितकं विटलेलं तितकं चांगलं.

तुझी कमला

आरमोरी, २४ सप्टेंबर १९८६

चि. कमलास,
थोरल्या बाईचा जयभीम.

पत्र वाचून तुझे भाऊजी हसले आणि मी चिडले. पोर दुखण्यात पडलेली आणि आई दुसऱ्याच्या अंगणात सुया ओवत बसलेली. दुकानात पैसे टाकले की रजई मिळते.

मी तुला आधीच सांगितलं होतं, हे कोळशाचं दुखणं आहे. धूर खाऊन हाडं धड राहतील का? माझा पत्रू बघ. तीन वर्षांचा आहे, दिवसभर धानाच्या बांधीत चिखलात लोळतो, पण कधी शिंक नाही. सासूबाई म्हणतात, "हे आमच्या घरचं रगत हाय." म्हणतात तर म्हणू दे, पोर चांगलं निघालं की सगळे आपलंच म्हणतात. गुलाबला माझ्याकडे धाड. इथली हवा आणि तांदळाची पेज, दोन महिन्यांत उड्या मारत परत येईल.

आईची दोन लुगडी आमच्या गावच्या मुखरूभाऊंच्या हाती पाठवते. ते बाजाराला चंद्रपूरला येतात. पांढरं मात्र मागू नकोस. दीक्षेच्या दिवशी आई ते नेसून चंद्रपूरला गेली होती. ते ट्रंकेतून काढायचं नाही.

गुलाबच्या बाबांना, देवाजीभाऊंना जयभीम. गुलाबला माझा मुका.

बाई

चंद्रपूर, १९ ऑक्टोबर १९८६

ती. बाईस,

लुगडी मिळाली. बाई, तू धन्य आहेस. शहरातल्या बायांसमोर आपली अब्रू जाऊ नये म्हणून तू त्यांना तांदळाची खळ घातलीस ना? आपानं घडी उघडली तर कडकड आवाज आला. म्हणाली, "हे लुगडं हाय का पापड?" अंगणात शिवायला येणारी शकिला तर हसून हसून लोळली. मग सगळ्यांनी मिळून ती भिजवली, खळ काढली, वाळवली, पुन्हा भिजवली. आता कुठं मऊ झाली. त्यांना हसू आलं, मला मात्र तुझी खळ बोटांनी चोळताना रडू आलं. आईच्या पातळांना तू अजून इस्त्रीसारखी घडी घालतेस.

मला अजून टाका घालू देत नाहीत. नवीन बाईनं आधी सुया ओवायच्या, मग दुसऱ्यांचे चुकलेले टाके उसवायचे. उसवता आलं की शिवता येतं, असं त्यांचं म्हणणं. उसवण्यात मी हुशार निघाले.

गुलाबसाठी काय करायचं ते रुखमाबाईंनी ठरवलं आहे. थर तीनच. आतल्या थरात ठिगळ नाही, सबंध कापड, म्हणजे जोड टोचणार नाही. दोऱ्याची गाठ थरांच्या मध्ये दडवायची. टाके दूरदूर, कारण दाट शिवलं की गोधडी ताठ होते. सगळ्यांत खाली, अंगाला लागेल तिथे, सगळ्यांत जुनं कापड.

म्हणून पुन्हा मागते. पांढरं लुगडं दे. तीस वर्षांचं कापड आहे, त्याच्याइतकं मऊ दुसरं नाही. आई असती तर नातीसाठी तिनंच आधी फाडलं असतं. गुलाबला तुझ्याकडे धाडणं जमणार नाही, बसचे धक्के तिला सोसत नाहीत.

तुझी कमला

आरमोरी, ६ नोव्हेंबर १९८६

चि. कमलास,

पांढरं लुगडं पाठवलं आहे. अर्धंच आहे. अर्धं उंदरानं कुरतडलं होतं, ते टाकून दिलं. खळ घातलेली नाही, हसू नका.

तुझे थर आणि टाके मी वाचले. आमच्या मुखरूभाऊंच्या नातवालाही अंग दुखायचा त्रास आहे म्हणतात. त्याच्या आईला सांगायचं म्हणून सहज विचारते. गाठ दोन थरांच्या मध्ये कशी दडवायची ते नीट लिही. लहान मुलासाठी तीन थर पुरे की दोनच? शिवायला सुरुवात काठाकडून की मधून? आणि गुलाबचं दुखणं पहिल्यांदा आलं तेव्हा ती केवढी होती? हातापायांची बोटं सुजली होती का? तेव्हा तू काय लावलं होतंस? आठवून सगळं लिही.

पत्रू बरा आहे.

बाई

चंद्रपूर, १ डिसेंबर १९८६

ती. बाईस,

उत्तराला उशीर झाला, कारण माझ्या हातून मोठा घोटाळा झाला.

दिवाळीनंतर बायांनी माझी गोधडी घेतली. चौघी चार बाजूंना बसल्या, मी पाचवी. तीन थर, दूर टाके, ठरल्याप्रमाणे सगळं झालं. घरी आणून हातावर घेतली तर काहीच वजन नाही. बाई, मला ती बघवेना. आई म्हणायची ते तुला आठवतं ना, "पातळ गोधडी सवतीच्या लेकराले." आपल्याकडे आईची माया गोधडी उचलूनच जोखतात. मला वाटलं, माझ्या एकुलत्या एक पोरीला मी हे फडकं पांघरू? लोक काय म्हणतील, आणि थंडी तरी कशी भागेल? मग कुणाला न सांगता घरी बसून मी तिच्यावर आणखी चार थर चढवले. माझं लग्नातलं लुगडं घातलं, तिच्या बाबांचं धोतर घातलं. दाट टाके घातले, घट्ट.

त्या रात्री ती गुलाबला पांघरली. माझं मन मोडू नये म्हणून पडून राहिली. पहाटे तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा. म्हणाली, "आई, लय मस्त हाय वं. पर पाय निंगत नाई तिच्यातून."

दुपारी गोधडी खांद्यावर टाकून आपाकडे गेले. आपानं उचलली आणि माझ्याकडे बघितलं. "कमला, पोरीले पांघरून राह्यली का तिले दाबून राह्यली?" कुणी मला रागावलं नाही, त्याचंच जास्त लागलं. रुखमाबाईंनी कात्री माझ्या हातात दिली. "उसव," म्हणाल्या. मी घट्ट घातलेले टाके उसवायला सगळ्याजणी बसल्या. आता पुन्हा पहिल्यापासून शिवतो आहोत.

तुझे प्रश्न. गाठ अशी: सुई वरच्या थरातून घालून मधल्या थरातून बाहेर काढायची आणि दोरा हलकेच ओढायचा, गाठ टक्कन आत जाते. जोरानं ओढलीस तर कापड फाटेल. तीन वर्षांच्या पोराला दोन थर पुरे. सुरुवात काठाकडून, चौकोनात फिरत आत यायचं, आणि कापड तळहातानं पुढे सारत राहायचं, नाहीतर मध्ये फुगा धरतो. गुलाब दोन वर्षांची असताना तिची बोटं वांग्यासारखी सुजली होती. मी एरंडाचं पान गरम करून बांधलं होतं. सूज आपोआप उतरली, पानानं नव्हे.

आरमोरीत तू गोधडीचा वर्ग काढणार दिसतेस. काढ बाई. पहिल्या दिवशी सगळ्यांना खळ घालायला शिकव.

तुझी कमला

आरमोरी, २० डिसेंबर १९८६

चि. कमलास,

थट्टा पुरे. दोन थरांची गोधडी झाली. गाठ ओढताना कापड दोनदा फाटलं, तिसऱ्यांदा गाठ आत गेली. पोर काल रात्री तिच्यात निजलं. मुखरूभाऊंचं.

गुलाबची झाली का? पांघरल्यावर तिला कसं वाटलं? दुखणं किती कमी झालं? ती बरी होते आहे ना? बरी झाली की दुसऱ्याच दिवशी कळव. कार्ड नको, पोचायला वेळ लागतो. मुखरूभाऊ शुक्रवारी येतील, त्यांच्याजवळ तोंडी सांग. मी वाट बघते आहे.

बाई

चंद्रपूर, ११ जानेवारी १९८७

ती. बाईस,

मुखरूभाऊ भेटले, पण हे तोंडी सांगण्यासारखं नव्हतं. ते घाईतही होते. नातवाचं विचारलं तर "बरा हाय" एवढंच म्हणाले आणि बैल विकत घ्यायला निघून गेले.

आधी चांगलं सांगते. गोधडी झाली. आईचं पांढरं लुगडं खाली, अंगाकडे. गुलाब तिच्यात गुरफटली आणि झोपली. मध्ये मी दोनदा हात लावून पाहिलं, अंग गरम होतं. सकाळी म्हणाली, "आई, हे गोधडी अंगावर हाय हे मले समजलंच नाई." मी आपाच्या अंगणात जाऊन सांगितलं तर सगळ्या बायांनी सुया खाली ठेवल्या. शकिलानं चहा ठेवला. आयुष्यात एक गोष्ट मला नीट जमली.

आता दुसरं. डॉक्टरांनी गुलाबचं रक्त नागपूरला पाठवलं होतं, त्याचा निकाल आला. तिला संधिवात नाही. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांमध्ये अडकतात. त्याला सिकल म्हणतात. आपल्या भागात पुष्कळ घरांत आहे म्हणे, लोकांना माहीत नसतं. मी विचारलं, औषध? डॉक्टर तरुण आहेत, भले आहेत. खाली बघत म्हणाले, "दुखणं कमी करता येतं, बाई. आजार जात नाही." मी पुढचं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. घरी येताना गुलाबचे बाबा झरपट नदीच्या पुलावर सायकल धरून कितीतरी वेळ उभे राहिले.

तुझ्या कोळशावर आळ नको घेऊस. हे आईबाप दोघांकडून येतं. माझ्यात थोडं, त्यांच्यात थोडं, आम्हाला काही होत नाही, आणि दोन्ही मिळून लेकराच्या वाट्याला पूर्ण येतं. माझ्यात आपल्या घरून आलं असेल तर तुझ्यातही असू शकतं. तुझा पत्रू ठणठणीत आहे म्हणून मी निश्चिंत आहे. मुखरूभाऊंच्या सुनेला मात्र सांग, पोराचं रक्त तपासून घे.

गुलाब बरी होणार नाही, बाई. हे मी कुणाजवळ बोलले नाही, तुलाच लिहिते.

तुझी कमला

आरमोरी, १५ मार्च १९८७

चि. कमलास,

तुझ्या जानेवारीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर तार आली. मी गुलाबच्या मातीला आले आणि संध्याकाळच्या बसनं परत फिरले. पुण्यानुमोदनाच्या विधीलाही थांबले नाही. तू मला विचारलंस, "पत्रूले काऊन नाई आणलं?" मी म्हटलं, सर्दी झाली आहे. तुझ्या दारात, तुझी पोर मातीत ठेवून आल्यावर, मी तुझ्याशी खोटं बोलले.

मुखरूभाऊंना नातू नाही. त्यांच्या पोराचं अजून लग्न व्हायचं आहे. त्यांना मी शपथ घालून ठेवली होती.

पत्रूची बोटं पहिल्यांदा ऑक्टोबरात सुजली. तुझं खळीचं पत्र आलं त्याच आठवड्यात. मग दंड, मग पाय. सासूबाई म्हणाल्या, बहिणीच्या पोरीसारखं दिसते हे. मी त्यांच्यावर ओरडले, कारण कबूल केलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे म्हटलं असतं की हे तुझ्या माहेरचं. तुझे भाऊजी पोराला पूर्वीसारखं खांद्यावर घेत नाहीत. पांढरं लुगडं उंदरानं कुरतडलं नव्हतं. मी फाडलं. अर्धं पत्रूला ठेवलं.

कमला, मी तुझ्या प्रत्येक पत्राची वाट गुलाबसाठी बघत नव्हते. पत्रूसाठी बघत होते. गुलाब बरी झाली की पत्रू बरा होणार, असं मी मनाशी धरून चालले होते. तुझं ते पत्र आलं तेव्हा मी ते चुलीत घातलं. तार आली तेव्हा मला पहिल्यांदा गुलाब आठवली नाही, पत्रू आठवला. हे तुझ्यापासून लपवून मी जेवू शकत नाही.

माझी गोधडी नीट झाली नाही. मध्ये फुगा धरला, गाठी वर आल्या, दोनदा उसवून कापड चाळणी झालं. पोर रडतं. म्हणून मागते. गुलाबची गोधडी दे. मेलेल्या लेकराचं पांघरूण जित्या लेकरावर घालत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. सासूबाईंना कळलं तर घराबाहेर काढतील. तरी मागते. त्या गोधडीत गुलाब झोपली होती. माझ्या पोराला एक रात्र तशी मिळू दे.

बाई

चंद्रपूर, २२ मार्च १९८७

ती. बाईस,

तुझं पत्र गुलाबच्या बाबांनी मला वाचून दाखवलं. पहिल्या पानावरच मला दिसेनासं झालं.

आधी रागाचं सांगून टाकते. मला राग आला. सिकलचं तुला लिहिलं तेव्हा जगात माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, आणि तिनं माझं पत्र चुलीत घातलं. दोन दिवस मी तुझं नाव घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी पत्रूची बोटं डोळ्यांपुढे आली आणि राग तसाच राहिला, पण त्याचा काही उपयोग राहिला नाही.

गोधडी नाही, बाई. तू मातीला आलीस तेव्हा मागे उभी होतीस, तुला दिसलं नसेल. रुखमाबाई म्हणत होत्या की पांघरूण बाहेर ठेव, कुणी गरजवंत नेईल. तिचे बाबा म्हणाले, आता तिला थंडी नाही. मी ऐकलं नाही. मी खड्ड्यात उतरले आणि माझ्या हातानं ती तिच्यावर घातली. त्या वेळी पत्रूचं मला कळलं असतं तर मी काय केलं असतं? तुला द्यावी असं वाटलं असतं, आणि तरी तिच्यावरच घातली असती. खोटं कशाला लिहू.

तू न विचारलेलं सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या गोधडीत गुलाब थोडेच दिवस सुखानं झोपली. मग खोकला आला, ताप आला, छातीत दुखू लागलं, आणि तेव्हा पातळ गोधडी काय नि जाड काय. गोधडी पायाशी पडून होती. गोधडी थंडी अडवते. दुसरं काही अडवत नाही. मी शिकले तेव्हा मला वाटायचं, मी टाका नीट घातला तर पोर राहील. अंगणातल्या कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. तू पण तेच ठरवून बसली आहेस, म्हणून तुझ्या हातून कापड फाटतं.

जानेवारीनंतर मी सुई धरलेली नाही. धरवत नाही. आपाला तुझं पत्र सांगितलं. ती म्हणाली, "पोराची उंची धाडाले सांग." शकिलानं तिच्या सासूचं लुगडं आणून ठेवलं. त्या पत्रूची शिवतील, माझ्याहून चांगली शिवतील. मी उंबऱ्यात बसून बघते, अंगणात उतरत नाही.

पत्रूला घेऊन ये. सासूबाईंना सांग बहिणीकडे चालले, भाऊजींना खरं सांग. डॉक्टर रक्त तपासतील आणि मला सांगितलं तेच तुला सांगतील. तुझ्या शेजारी मी बसेन. पोर बरं होईल का, हे मला विचारू नकोस. मी हो म्हणणार नाही, आणि नाही म्हणायला माझी जीभ उचलणार नाही.

मात्र दुखणं उठलं की पाय कुठं धरायचे, कुठं मुळीच हात लावायचा नाही, पाणी कसं थोडं थोडं पाजत राहायचं, आणि पोर ओरडत असताना आपला चेहरा कसा शांत ठेवायचा, ते सगळं मला येतं. गुलाबनं शिकवलं. ते पत्रात लिहिता येत नाही. तू ये, मी करून दाखवते.

कमला